आवक क्रमांक चारशे सतरा

जाहिरात आली तेव्हा मी केळशीच्या खाडीत
गुडघाभर चिखलात उभी होते.
भरती यायला चाळीस मिनिटं,
फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी दातांत.
सहायक प्राध्यापक, मत्स्यशास्त्र, एक पद.
त्याच पानावर खाली, बारीक अक्षरांत,
कनिष्ठ लिपिक, अकरा.
मी दोन्हीकडे अर्ज केला.

दापोलीला स्टँडमागे खलफेचं झेरॉक्सचं दुकान.
इक्बाल खलफे स्वतः एम.ए., राज्यशास्त्र,
सेट तिसऱ्या खेपेला पास.
"सहा संच ना? निळ्या शाईनं सही कर,
काळी सही झेरॉक्स वाटते."
न विचारता पिना मारतो, कोपऱ्यात, तिरक्या, नेहमी दोन.
त्याला ठाऊक असतं कुठल्या विभागात कुणाचा भाचा,
कुठली बिंदुनामावली कोर्टात अडकलीय,
आणि कुठलं पद गेली नऊ वर्षं
फक्त जाहिरातीतच भरतात.

प्राध्यापकाच्या अर्जात मी सगळं घातलं.
शोधनिबंध सात.
तासिका तत्त्वावर सहा वर्षं,
गुहागर, मंडणगड, परत मंडणगड,
मे महिन्याचे पैसे नाहीत, दिवाळीचे नाहीत.
प्रबंध, खाडीमुखावरच्या कालवांची वस्ती.
लिपिकाच्या अर्जात प्रबंध नाही.
एम.एस्सी. पण नाही.
बी.एस्सी. आणि मराठी टंकलेखन, तीस.
मधल्या सहा वर्षांपुढे लिहिलं, घरकाम.
आई म्हणाली, ता काय अगदीच खोटा नाय.

अंड्यातून सुटलेलं कालव
दोन-तीन आठवडे पाण्यात नुसतं भटकतं.
मग त्याला एक पाय फुटतो.
त्या पायानं ते खडक चाचपत जातं,
हा नको, तोही नको,
आणि जिथं चिकटतं तिथं कायम.
पाय मग विरून जातो.
प्रबंध, पान एकशे बारा.

लिपिकाचं आधी झालं.
प्राध्यापकाला शुद्धिपत्रक निघालं,
मग मुदतवाढ, मग शुद्धिपत्रकाला शुद्धिपत्रक.

आवक-जावक, तळमजला, खिडकी तीन.
शिरधनकर बाई, निवृत्तीला पाच महिने,
मला शिक्का धरायला शिकवतात.
तिरका नको, जोरात नको, तारीख रोज फिरव.
"त्रुटी दिसली की लाल शिक्का, गठ्ठा डावीकडे.
आपण वाचायचं नाही गो, बघायचं."

दीड वर्ष पोत्यांत पडलेले प्राध्यापकांचे अर्ज
आज फोडायला काढले.
मंडणगडचा घवाळी निघाला,
स्टाफरूममध्ये एका पंख्याखाली बसायचो आम्ही.
त्याचं वय दोन महिन्यांनी उलटलेलं.
लाल. डावीकडे.
अमरावतीची एक बाई, पाकिटावर हळदकुंकू.
निळा. उजवीकडे.

चारशे सतराच्या कोपऱ्यात दोन तिरक्या पिना.
पाकीट माझ्याच अक्षरातलं.
इतरांचं फोडलं तसंच फोडलं,
पट्टी लावून, डावीकडून.
पान चौदा, नेटचं प्रमाणपत्र.
सही नाही.

पलीकडे बाईंनी डबा उघडला.
कालवांचं सुकं, वर ओलं खोबरं.
"जेवून घे, अर्ज कुठं पळतायत."

लाल शिक्का पॅडवर टेकलेला.
शेजारी निळं पेन,
कुणी पळवू नये म्हणून सुतळीनं टेबलाला बांधलेलं.
सुतळी पान चौदापर्यंत पुरते का,
ते मी आधी बघितलं.