परतीचा बिंदू

दिवाडीच्या आरोग्यकेंद्रामागे, फुटबॉलच्या मैदानात
नारिंगी चटई पसरायची, चार कोपऱ्यांवर चिरे ठेवायचे,
गुरं हाकलायची. एवढीच माझी नोकरी.
बाकी सगळं ते स्वतः करतं:
पणजीहून उठतं, मांडवी ओलांडतं,
सहा पंख्यांनी हवा घुसळत चटईवर टेकतं
आणि पोटातली इन्सुलिनची पेटी सोडून
माझ्याकडे न बघता निघून जातं.

बाबा कुंपणापाशी. चौतीस वर्षं फेरीबोटीचं सुकाणू.
पहिल्या दिवशी विचारलं, चालवतो कोण?
कोणी नाही.
मग भरती-ओहोटी कुणाला विचारतं?
त्याला लागत नाही, बाबा. ते वरून जातं.
"वयल्यान," ते म्हणाले,
सोयऱ्याचं पोर दारावरून गेलं, आत आलं नाही,
तसं.

दादाने जहाजावरून पाठवलेलं घड्याळ
त्यांच्या मनगटाला. पावलं मोजतं, झोप मोजतं.
परवा फेरीत, बाकावर बसल्या बसल्या
त्याने तीनशे बारा पावलं लिहिली.
"बरोबर आहे," बाबा म्हणाले, "न्हंय चलली ती."

बुधवारी वारं फिरलं.
यंत्र निम्म्या पाण्यावर आलं, थबकलं,
कलंडता कलंडता सावरलं,
आणि माझ्या हातातल्या पडद्यावर अक्षरं:
घरी परत जात आहे.
चटईपाशी आपोलिनबाय पिशवी घेऊन उभी,
नवऱ्याची शेवटची सुई सकाळीच संपलेली.
मला तिच्याकडे बघवेना.
बाबांनी मात्र त्या लहान होत जाणाऱ्या ठिपक्याकडे
पहिल्यांदाच नीट बघितलं.
"परतायला अक्कल लागते गो.
मला एकदा सुचली नव्हती."
कधी, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

पेटी आली सव्वापाचच्या फेरीने,
खलाशाच्या मांडीवर, मासळीच्या बर्फात.

रात्री जेवताना: त्याचं घर कुठे?
घर असं नाही, बाबा. जिथून उडालं तो बिंदू.
उडताना आपोआप नोंदला जातो.
बांगड्याचा काटा त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला.
"आपला दाबोळीहून उडाला," म्हणाले,
"म्हणजे त्याचं घर विमानतळ."
हात धुतले. घड्याळ काढून फळीवर ठेवलं.

पाणी प्यायला उठले तेव्हा
त्याच्या पाठीतला हिरवा दिवा अजून लुकलुकत होता,
रिकाम्या पट्ट्यात नाडी शोधत.