शेणाचं खातं

बावीस वर्षं बेकिनकेऱ्याच्या डेअरीत
मी फॅट लिहिलं.
पहाटे साडेपाच, संध्याकाळी साडेसहा,
म्हशीचं वेगळं, गाईचं वेगळं,
पाणी घातलेलं ओळखायचं
आणि बोलायचं नाही.

दसऱ्यानंतर नवी वही आली.
कव्हरवर लिहिलं: शेण, किलोत.
रवळू हसला, ‘क्लार्क, ह्याचं फॅट किती धरतासा?’
काटा दुधाचाच. वर घमेलं.
दुपारच्या भाकरीला माझ्या बोटांचा
नवा वास.

संघाचा फॉर्म कन्नडात होता.
हुक्केरीकडचा इराप्पा, गावचा जावई,
कट्ट्यावर बसून भरत गेला.
‘शेण म्हंजे सगणी,’ तो म्हणाला,
‘गॅस म्हंजे गॅसच.’
खाली चौतीस सह्या मराठीत, सात अंगठे,
आणि शिद्रायची ती कुठल्याच लिपीत नसलेली रेघ.

मग खातं कुणाच्या नावावर, ते निघालं.
गोठा आमचा, म्हशी आमच्या, उतारा आमचा,
असं पुरुषांचं चाललेलं,
चहा दोनदा फिरला.

निंगव्वा दारातच. डोक्यावर पाटी तशीच.
‘दूध तुमच्या नावावर घातलासा,
मी बोललो न्हाई.
शेण कोण काढतंय?
तापात बी मीच, लेकीच्या लग्नादिवशी बी मीच.
हे माझ्या नावावर घाला,
न्हाईतर उद्यापासनं गोवऱ्या थापतो.’

रवळू, तिचा नवरा, छताकडं बघत होता.
छतावर बघण्यासारखं काही नाही, मला माहीत आहे.
पाटीतून एक ओघळ
तिच्या कुंकवापर्यंत आला, थांबला.
मी पेनाचं टोपण काढलं.

आता हेस्कॉमची लाइन जाते
तेव्हा मागच्या शेडातलं इंजिन खोकतं,
दोनदा, मग लागतं.
दुधाचा कूलर चालू राहतो.
शेणावर दूध गार होतंय,
हे अजून तोंडाने म्हणताना अडखळायला होतं.

महिन्याचं पहिलं बिल मीच केलं:
डेअरीकडून शेण-संघाला येणं.
मीच दिलं, मीच घेतलं,
दोन्ही वह्यांत सही केली.

पावत्या वाटल्या. निंगव्वाला अक्षर येत नाही,
म्हणून वाचून दाखवली:
निंगव्वा रवळू सांबरेकर, तीनशे बारा किलो.
ती दोन घड्या करून कनवटीला लावत होती.
म्हटलं, मधलं नाव काढू का?
‘ऱ्हाऊ दे,’ ती म्हणाली,
‘म्हशी त्याच्या हाइत.’