खांडीपलीकडे

मढवीमामा म्हणाले, बेट बघायचं
तर सहाला निघा,
ओहोटी काय आपल्या घरची नाय.
मोबाइलवर तिथे नुसता हिरवा रंग,
त्यात आमचा निळा ठिपका,
कुणीतरी खाडीत टाकून दिल्यासारखा.

स्कूटर तळवलीत देवळामागे लावली.
पुढे बांध, एका माणसाच्या रुंदीचा,
डावीकडे तिवरं, उजवीकडे खाजण,
जिथे मामांच्या बापाने शेवटचं भात कापलं.
कधी? विचारलं तर म्हणाले,
सिडकोच्या आधी.
इसवी सनाच्या आधी म्हणावं तसं.

मग खांड आली. बांध तुटलेला,
बारा पावलं चिखल, घोट्याच्या वर.
निवट्या उड्या मारत बाजूला झाल्या.
एवढ्या खांडीमुळेच पलीकडचा तुकडा
भरतीला बेट होतो,
ओहोटीला पुन्हा आमचा.

मामा एकवीस वर्षं जहाजावर ऑइलर.
ग्रीसच्या कुठल्याशा बेटावर एकदा
एक दिवस सुट्टी मिळाली.
बाकीचे बाजारात गेले.
हे बेटाच्या मागच्या अंगाला, चालत.
'झाड नाय, मानूस नाय. बकऱ्या नि वारा.
येक म्हातारी भेटली, तिनं अंजीर दिलं,
मी बिडी दिली. तिनं वढली.'
बेटाचं नाव?
'लांब होतं.'

दहानंतर वारा सुटला.
वैशाखातला, खाऱ्या तोंडाचा,
अंगाला कोपर लावून पुढे घुसणारा.
माझी ओढणी मी कमरेला गुंडाळली,
मामांची टोपी तिवरांनी घेतली
आणि दिली नाही.
डब्यातली भाकरी उघडली तर वरची उडाली,
चिखलात पडली, खेकड्यांची पंगत झाली.
खालच्या दोन, जवळ्याची चटणी,
पाठीने वारा अडवून
चोरून खाल्ल्यासारखं खाल्लं.

फ्लेमिंगो? नव्हते.
बदल्यात ऐरोलीचा पूल होता, उत्तरेला,
बसा, ट्रक, टँकर, सगळं हलणारं
आणि काहीच न वाजणारं.
आमच्याकडचा आवाज वारा तिकडे नेत होता,
तिकडचा इकडे येऊ देत नव्हता.
मी मोठ्याने माझं नाव घेऊन पाहिलं.
मलाच अर्धं ऐकू आलं.

टोकाला मोडकी उघाडी, गंजलेली फळी,
आणि एक खुर्ची.
लाल प्लास्टिकची, एक हात तुटलेला,
तोंड पाण्याकडे,
पाय निळ्या दोराने खुंट्याला बांधलेले,
वाऱ्याने नेऊ नये म्हणून.
कोणाची? मामांना माहीत नव्हतं.
आसपास ना झोपडी, ना जाळं, ना विडीचं थोटूक.
कोणीतरी इथवर येतं, बसतं,
आणि परत जाताना
पुन्हा येणार असल्याची व्यवस्था करून जातं.

मामा बसले. डोळे मिटले.
मी खूप वेळाने विचारलं, तसंच आहे का?
ते वारा ऐकत राहिले,
एखाद्या इंजिनाला कान लावावा तसे.
'नाय,' म्हणाले. 'तिथं वास नव्हता.'

खांडीत पाणी चढायला लागलं होतं.
निघताना त्यांनी वाकून
दोराची ढिली झालेली गाठ सोडली
आणि आपल्या पद्धतीने बांधली,
जहाजावरची, एका ओढीत सुटणारी,
वाऱ्याला मात्र न सुटणारी.

परत येताना पाणी मांडीला लागलं.
ते मागे वळले नाहीत. मी वळले:
खुर्ची जागेवर होती.
आता जो कोणी येईल,
त्याला गाठ परकी लागेल.