पोटखराबा

साताऱ्यात, कोडोलीच्या एमआयडीसीत, शोरूमच्या मागल्या अंगणात
चार गाड्या उभ्या आहेत, खेकड्यांसारखी चाकं फाकवून.
पोरगा म्हणतो, मॅडम, ही बघा, आठशे सीसी,
उभ्या भिंतीवर चढेल.
मला भिंतीवर जायचं नाही, बाळा.
मला जायचंय चाळकेवाडीच्या अलीकडे, पवनचक्क्यांखाली,
माझ्याच नावच्या गटात:
दोन हेक्टर नव्वद आर,
पैकी लागवडीलायक वीस आर,
बाकी पोटखराबा.

एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढली.
लोकांचे बांध मोजले, दोन्हीकडच्या भावांच्या शिव्या खाल्ल्या.
हा एक शब्द रोज लिहिला
आणि त्या जागी कधी थांबले नाही.
पिकत नाही म्हणून सारा नाही,
सारा नाही म्हणून आकार नाही.
आकार नसलेल्या जागी माणूस काय करतो,
ते बघायचं राहून गेलं.

मुबारक शिकलगारला बरोबर आणलंय. ट्रॅक्टरचा मिस्त्री, बोलणं कमी.
फरशीवर उताणा होऊन तो गाडीच्या पोटाखाली शिरतो
आणि हातानंच मोजतो: एक वीत, चार बोटं.
"जांभ्याला पुरतंय.
गवतात लपलेल्या धोंड्याचं मात्र अल्ला जाणे."

सड्यावर टायर मऊ हवा, हवा कमी भरलेला, दगडाला बिलगणारा.
ओढ्यातल्या तांबड्या राडीला खोल नक्षीचा.
दर शंभर पावलांवर मी काही चाकं बदलणार नाही,
तेव्हा दोन्हीकडे थोडा थोडा वाईट असेल तोच निवडायचा.
मोजणीत असंच असतं.
दोघे भाऊ सारखेच नाराज झाले
की समजायचं, हद्द बरोबर पडली.

चढ कुठलीही चढते, मुबारक सांगतो, उतार बघा.
ब्रेक सोडल्यावर इंजिन धरून ठेवतं का, ते बघा.
अंगणातल्या मुरमाच्या ढिगावरून मी ती खाली आणते,
ब्रेकवरची बोटं काढून.
ती गुरगुरते, पण सुटत नाही.
एक चाक अधांतरी, तरी उरलेली तिघं ओढतात.
हेल्मेटच्या आत मी हसले,
ते कुणाला दिसलं नसावं.

जाऊबाई कुंदा फोनवर:
रस्त्यावर चालत नाही, पासिंग नाही,
टेम्पोत घालून न्यायची!
म्हणजे गाडीला न्यायला गाडी!
अहो, उपयोग काय तिचा?
मी म्हटलं, काही नाही.
पलीकडे बराच वेळ नुसता मिक्सर ऐकू येत होता.

ज्ञानू शेलार प्लास्टिकच्या खुर्चीत चहा फुंकतोय.
बामणोलीकडचा. माझा साखळीवाला.
मी दुर्बिणीत डोळा घालायची
आणि तो निशाण घेऊन कुसळांतून, करवंदीतून
धावत जाऊन ठिपक्याएवढा व्हायचा.
आता त्याच्या गुडघ्यात स्टील आहे.

हिच्यावर दोघं बसतात का, मी विचारते.
पोरगा म्हणतो, नाही, ही एकट्याची.
जोडबैठकीची वेगळी येते, लांब असते, जड,
वळायला जागा खाते, मजा कमी.
मुबारक हात पुसत उठतो: "लांबच घ्या.
उभ्या चढावर मागं उलटायची भीती कमी."
कारण चांगलं होतं. मी तेच पुढे केलं.

चेक लिहिताना रंग विचारला.
नारिंगी, म्हटलं. सड्यावर धुकं उतरतं
तेव्हा आपलीच गाडी आपल्याला सापडायला हवी.

ज्ञानू जवळ आला. मागच्या बैठकीवर
हात ठेवून बघितला, उन्हानं तापली होती.
"म्या मागं बसू? जलमभर म्होरं पळालो की, बाईसाहेब."
मग जरा थांबून,
"आन् निशाण?"