चार मिलिमीटर

यादी तिनं जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलेली,
पेन्सिलीनं, म्हणजे खोडता यावी.
प्रोसेसर. त्याखाली मदरबोर्ड.
त्याखाली रॅम, आठ-आठच्या दोन काड्या.
मी विचारलं, सोळाची एकच घेतली तर?
तेजल म्हणाली, पप्पा, एका बैलानं गाडी हाकतासा व्हय?
तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस
बैलावर काय बोलणार.

राजारामपुरीत इम्तियाज मुजावर
एकेक खोकं काउंटरवर ठेवत होता,
हुपरीचा सराफ पैंजण ठेवतो तसं,
नजर गिऱ्हाइकाच्या तोंडावर.
पोरगी त्याच्याशी ज्या भाषेत बोलत होती
तिच्यातले आकडे तेवढे मला कळत होते.

पॉवर सप्लाय स्वस्तातला चालेल का, असं तिनं विचारलं
तेव्हा मात्र मी तोंड उघडलं.
उद्यमनगरात मोटरी जळताना बघितल्यात मी.
वर स्टिकर मोठा, आत तांबं कमी.
दोन डबे दोन हातांत धरले, डोळे मिटले,
हा घे, म्हटलं. हा जड आहे.
इम्तियाज हसला. काका, बरोबर उचललासा.
त्या दिवशी दुकानात मला आलं ते एवढंच.

मग बेरीज.
ग्राफिक्स कार्डापाशी येऊन आकडा अकरा हजारांनी अडला.
तेजलनं खिशातनं खोडरबर काढलं
(घरनंच आणलेलं, हे मला नंतर लागलं).
आधी रंगीत दिवे गेले.
मग दिव्यांचे पंखे.
मग काचेची कॅबिनेट, पण ती अशी हलक्या हातानं
की अक्षरं वाचता येत राहिली.

कॅबिनेट मी करतो, म्हटलं.
तिनं माझ्याकडं बघितलं,
तिनं बोललेला नवस मी परस्पर फेडल्यासारखं.

सोमवारची सुट्टी. एक मिलीचा पत्रा.
कडा मोडल्या, कानशीनं धार मारली,
पंख्यापुढं गोल भोकांची जाळी पाडली, एकेक मोजून,
आणि लेथला मारून उरलेला राखाडी रंग दिला.
छान वाळला. मला छान वाटला.
ती म्हणाली, बरा आहे.

बोर्ड बसला. सप्लाय बसला, जड, तळाला.
कार्ड बसेना.
दोन शतांश चुकलं तर जॉब परत येतो आमच्याकडं,
आणि इथं चार मिलिमीटर, आख्खे.
यादी पुन्हा उजेडात धरली तेव्हा दिसलं:
तिनं एक कार्ड खोडून दुसरं लिहिलं होतं
आणि मी माप घेतलं होतं
खोडलेल्याचं.

दोन दिवस कार्ड खोक्यात, पोरगी खोलीत.
मी व्हर्निअर घेऊन नुसता बसून.
तिसऱ्या रात्री ताट वाढता वाढता सुनंदा म्हणाली,
चपलेगत अंगठा काढा की बाहेर.

पुढच्या पत्र्याला खिडकी पाडली.
आता कार्डाचं नाक बाहेर येतं बोटभर,
पट्ट्यातनं अंगठा यावा तसं,
आणि ते वारं बाहेरचं घेतं.

रात्री साडेअकरा. तिच्या खोलीत बर्फ पडतोय,
कुठल्या तरी गावात, जिथं सगळ्या खिडक्या फुटल्यात.
पंखे फिरतात, आवाज एकसुरी, खरखर नाही.
मी राखाडी पत्र्यावर तळवा ठेवतो,
बेअरिंग तापलंय का बघताना ठेवतो तसा.
कोमट आहे. ठीक आहे.

पप्पा, हात काढा, हलतंय! असं ती ओरडते,
आणि दुसऱ्याच क्षणाला,
आमच्या गावच्या पोरी बोलतात तशी,
मेलो की हो मी!
आणि खुर्चीत नीट सरकून
परत उठून चालायला लागते त्या बर्फात.