फतेगंजात फो

चर्चमागची दुसरी गल्ली.
झेरॉक्सवाल्याला विचारू नका,
तो सेव-उसळीच्या गाडीवरच पाठवेल.
जिन्यात दिवा नसतो, भिंत धरून वर जा.

थुई तिचं नाव. हसू नका.
शिल्प शिकायला बडोद्यात आली, राहिली.
चार टेबलं, एक पंखा.
हाडांचा रस्सा आदल्या रात्रीपासून मंद आचेवर.
शेजारचे कीर्तिलालभाई दार लावून घेतात,
खिडकी मात्र उघडी ठेवतात.
चक्रफुलामुळे असेल.

काड्या जमल्या नाहीत तर चमचा मागा.
लिंबू शेवटी.
तुळशीसारखी पानं तोडून घालताना
पहिल्या दिवशी
माझा हात थबकला होता.

एकटे गेलात तर ती समोर येऊन बसते.
विचारत काही नाही.
रिकाम्या वाडग्याचा काठ
अंगठ्यानं गुळगुळीत करत राहते,
जणू अजून ओला आहे.