अंगावरून जातं

पान एकतीस. सहा चौकटी.
कॉव्हेंट्री, फोल्सहिल रोडवरचा दवाखाना,
एकोणऐंशीचा फेब्रुवारी.
पहिलीत फक्त आईचे बूट,
म्हणजे बाबांचेच जुने, पुढे पेपरचा बोळा कोंबलेले.
दुसरीत मी. दहा वर्षांची, दोन वेण्या,
घरातलं सगळ्यात चांगलं इंग्रजी.

तिसरीत आई बोलते.
तिच्या फुग्यात मी मराठीच ठेवलंय:
"सांग त्यांना, अंगावरून जातं. थांबतच नाही."

चौथीत मी सांगते.
शब्दाला शब्द, शाळेत शिकवलं तसं.
अंग म्हणजे अंग. वरून म्हणजे वरून.
जातं म्हणजे काहीतरी चालत जातं, मुंगीसारखं.
डॉक्टर मान हलवतात.
खाज, असं लिहितात.

पाचवीत मलमाची ट्यूब.
ती मात्र मन लावून काढलीय,
शेपटाकडून घट्ट गुंडाळत आणलेली.
आई काही वाया जाऊ द्यायची नाही.
सात महिने रोज रात्री
हातांना, पोटऱ्यांना चोळत राहिली,
जिथे काहीच होत नव्हतं तिथे.

सहावी काळी.
संपादकबाई म्हणाल्या, काळी चौकट जरा सोपी पडते.
खरंय.

शब्द मला कळला तेविसाव्या वर्षी, साताऱ्यात,
शकूमावशी कुणा तिसरीबद्दल बोलत होती तेव्हा.
मी मेथी निवडत राहिले.
देठ टोपलीत, पानं कागदावर.
मग मावशी म्हणाली, अगं, उलटं करतेयस.

रविवारी बाबांना कच्ची पानं दाखवली.
चौऱ्याऐंशी वय, हातात भिंग, चहावर साय धरलेली.
एकतिसावर थांबले.
"पडदा हिरवा नव्हता."
मग बराच वेळ काहीच नाही.
मग भिंगाच्या दांडीने दाराजवळच्या खुर्चीवर टकटक केलं.
ती मी उगाच काढलेली, कोपरा भरायला. रिकामी.
"इथे मी होतो."

बाबा तर रात्रपाळी करून झोपलेले असायचे.
चाळीस पानं मी त्यांना झोपवून ठेवलंय,
पांघरुणाबाहेर दोन पाय, बस.

"होतो. टोपी मांडीवर.
शब्द मला येत होता. दोन्हीकडचा.
पण मध्ये तू होतीस. पोरीच्या तोंडासमोर कसं..."
साय त्यांनी चमच्याने बशीत काढली.

दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीला
इंग्रजीत गटार म्हणतात.
शब्दाला शब्द.
पंचेचाळीस वर्षं बाबा तिथे बसून होते,
आणि मी वरून रेषा ओढत गेले,
पट्टी लावून, सरळ.

रात्री खुर्चीत टोपी काढली.
टोपीखाली मांडी.
वर तोंड काढायला घेतलं
तर पेन्सिल सारखी माझ्याच हनुवटीवर येते.
खोडलं. कागद तिथे मऊ पडलाय आता,
आणखी एकदा खोडला तर फाटेल.

खाली स्वयंपाकघरात बाबा
बंद नळ पुन्हा बंद करताहेत.